दादांची यादी

कोलकात्याला बदलीवर आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्यात दोनच प्रश्न पडतात. घर कुठे घ्यायचं आणि बाहेर खायचं काय! पहिल्या प्रश्नाचं उत्तर मंडळातली जुनी मंडळी देतात. दुसऱ्याचं उत्तर मला दादांनी दिलं.

१९९३ साली मी बँकेत इथे रुजू झालो, तेव्हा दादा शेजारच्या टेबलावर होते. वयाने मोठे, म्हणून सगळेच त्यांना दादा म्हणत. तिसऱ्या दिवशी माझा डबा पाहून त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि पे-इन स्लिपच्या कोऱ्या बाजूवर अकरा पदार्थ आणि त्यांची ठिकाणं लिहून दिली. यादी बंगालीत होती. माझा बंगाली वाचनाचा पहिला धडा तोच. वर एक वाक्यही होतं : हे सगळं खाऊन झालं की तुम्ही आमचे.

ती चिठ्ठी मी जपून ठेवली. आता दादांना मधुमेह आहे, जिने चढवत नाहीत. गेल्या हिवाळ्यात त्यांनी फोन करून फर्मावलं, ‘यादी पुन्हा एकदा खा आणि काय उरलंय ते येऊन सांग.’ त्याप्रमाणे मी दर रविवारी एक ओळ घेतली. पंचविशीत मी फक्त खाल्लं होतं. या वेळी हा पदार्थ इथे आला कसा, हेही पाहिलं. (पुढे सामिष मजकूर आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी रसगुल्ल्यापासून वाचावं. उत्सवाचे दिवस आहेत, आम्हीही हे विसर्जनानंतरच खातो.)

पहिली ओळ बिर्याणीची. कोलकात्याच्या बिर्याणीत अख्खा बटाटा असतो. तो पाहून मी पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, पण मुंबईत बोहरी बिर्याणीतही बटाटा असतोच, हे नंतर आठवलं. याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १८५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी अवध खालसा केलं. पदच्युत नवाब वाजिद अली शाह मे महिन्यात इथे आले आणि पुढे हुगळीकाठी मटियाबुर्जला त्यांनी छोटं लखनौ वसवलं. पैसे कमी, मटण महाग, म्हणून आचाऱ्यांनी बटाटा घातला. मीही पाहुण्यांना हेच सांगत असे. पण नवाबांचं पेन्शन वर्षाला बारा लाख रुपये होतं! मटियाबुर्जला त्यांनी स्वतःचं प्राणिसंग्रहालय पाळलं होतं. वाघांना मांस घालणारा माणूस पाहुण्यांच्या ताटातलं मटण मोजेल, हे काही पटत नाही. त्यांच्या वंशजांचं म्हणणं वेगळंच आहे. त्या काळी बटाटा ही नवलाईची भाजी होती आणि हौस म्हणून तो हंडीत गेला. मला हे जास्त खरं वाटतं. गरिबी आली ती नंतर. १८८७ साली नवाब वारले, इंग्रजांनी त्यांचा पसारा मोडीत काढला, आणि पोटासाठी आचारी शहरभर पांगले असं सांगतात. राजवाड्यातला पदार्थ रस्त्यावर आला तो असा. नवाबांची कबर मटियाबुर्जच्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. बिर्याणी खाणाऱ्यांनी एकदा तिथेही जाऊन यावं.

बारा लाखांवरून आठवलं. १७५१ च्या तहात नागपूरकर भोसल्यांनी अलीवर्दीखानाकडून वर्षाला बारा लाखांचीच चौथ ठरवून घेतली होती. त्याआधी जवळजवळ दहा वर्षं आपले बारगीर इथे जे करत होते, ते बंगाली आया अजून अंगाईत गातात. इथे ‘बर्गी’ म्हणजे बागुलबुवा. त्यांच्या भीतीने १७४२ साली शहराभोवती जो खंदक खणायला घेतला तो मराठा खंदक, आणि बागबाजारात त्या नावाची गल्ली आजही आहे. दादा मला चिडवायचे, ‘तुमच्या लोकांनी आमचं धान्य लुटलं, आता रसगुल्ला तरी पैसे देऊन खा.’ आणि तो खायला पाठवायचे तेही बागबाजारलाच!

बागबाजारात नवीनचंद्र दासांनी १८६८ साली रसगुल्ला केला, असं बंगाल मानतो. ओडिशाला हे मान्य नाही. २०१७ साली बंगालच्या रसगुल्ल्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१९ साली ओडिशाच्या रसगोल्याला, म्हणजे भांडण मिटलं की वाढलं ते ज्याने त्याने ठरवावं. मला कुतूहल आहे ते छान्याचं. आपल्या घरात दूध नासलं की आईचा चेहरा उतरायचा. मग साखर घालून ते आटवायचं आणि मुलांना द्यायचं. मुद्दाम दूध फाडून त्याची मिठाई करायची, ही कल्पना आपल्याला सुचली नसती. हुगळीकाठच्या पोर्तुगीजांच्या चीजवरून बंगालला ती सुचली, असं काही अभ्यासकांचं मत आहे. सगळ्यांना ते मान्य नाही.

या रसगुल्ल्यावर एकदा सरकारी बंदी आली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? १९६५ साली दुधाची टंचाई होती. मुलांना आणि आजाऱ्यांना दूध मिळावं म्हणून मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छान्याच्या मिठाईला मनाई केली. हेतू वाईट नव्हता. पण छान्यावर हलवाई, कारागीर, दूध फाडून छाना पोचवणारे गवळी अशी हजारो घरं चालत होती. दादा तेव्हा शाळेत होते. त्यांच्या गल्लीतला कारागीर गावी निघून गेला आणि परत आला नाही, हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही बदलतो. त्यांच्या बहिणीच्या लग्नात रव्याचे आणि डाळीचे गोड पदार्थ झाले. ‘लग्न कसलं, सुतक वाटत होतं!’ पुढच्याच वर्षी तांदूळ आणि रॉकेलसाठी अन्नआंदोलन पेटलं, गोळीबार झाले. कच्ची केळी खा, या सल्ल्यावरून तर सेनबाबूंची फार टिंगल झाली. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली आणि स्वतः सेन आरामबागला हरले. रसगुल्ल्याने सरकार पाडलं असं गमतीने म्हणतात. सरकार पाडलं ते भुकेने, पण रागात तो गोडाचाही वाटा होताच. दासांच्या घराण्याने १९७२ मध्ये बंगळूरला दुकान काढलं. आज तिथल्या मराठी मंडळींनाही हा रसगुल्ला मिळतो.

लेडिकेनीबद्दल थोडक्यात. ही आपल्या गुलाबजामची बहीण, नाव पडलं व्हाइसरॉय कॅनिंग यांच्या पत्नीवरून. १८६१ साली त्या इथेच तापाने गेल्या. बऊबाजारच्या भीम नाग यांच्या दुकानात बंगाली आकड्यांचं जुनं विलायती घड्याळ आहे, ते जरूर पाहा. काठी रोल न्यू मार्केटजवळच्या निजामचा, १९३२ पासूनचा. काठी म्हणजे आपलीच काठी, कबाब भाजायची बांबूची. कबिराजी कटलेटचा वैद्यांशी संबंध नाही. इंग्रजी ‘कव्हरेज’चा तो अपभ्रंश म्हणतात, अंड्याची जाळी वरून पांघरलेली असते म्हणून. कॉलेज स्ट्रीटवर पॅरामाउंटचं शहाळ्याचं सरबत १९१८ पासून मिळतं. ते पिऊन समोर कॉफी हाऊसमध्ये जावं. त्याच वास्तूत, म्हणजे जुन्या अल्बर्ट हॉलमध्ये, काँग्रेस स्थापन होण्याच्या दोन वर्षं आधी, १८८३ साली राष्ट्रीय परिषद भरली होती.

आठव्या ओळीपाशी मात्र मी अडखळलो. ‘टेंग्रा, चिली चिकन.’ १९९३ मध्ये तिथे गेलो होतो तेव्हा कातड्याच्या वासाने जीव नकोसा झाला होता. हाक्का चिनी लोकांचे चामड्याचे कारखाने तिथे होते, आणि त्यांच्याच आवारात चार टेबलं टाकून जेवण मिळायचं. अठराव्या शतकात वॉरन हेस्टिंग्जच्या काळात आछिऊ नावाच्या चिनी माणसाने बजबजजवळ साखर कारखाना काढला, तिथपासून हा समाज इथला. जोडे, सुतारकाम, चामडं हे त्यांचे धंदे. १९६२ च्या युद्धानंतर देशभरातल्या जवळपास तीन हजार चिनी माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. सुटून आल्यावर अनेकांना घर-दुकान परत मिळालं नाही. कित्येक कॅनडाला गेले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे कारखाने बानतळ्याला हलवायचा आदेश दिला, आणि कारखान्यांच्या जागी हॉटेलं आली. या वेळी वास नव्हता. आवारही नव्हतं. दादांनी लिहिलेल्या हॉटेलाच्या जागी भाड्याने देण्याची पाटी होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाई अस्खलित बंगालीत म्हणाल्या, ‘ते टोरँटोला मुलाकडे गेले.’ आपल्याकडे प्रत्येक गाडीवर मिळणारं मंचुरियनही याच समाजाची देणगी. ते १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वांग यांनी प्रथम केलं असं मानतात. वांग जन्माने कोलकात्याचे.

शेवटची ओळ न्यू मार्केटच्या नाहूमच्या केकची. १९०२ साली बगदादी ज्यू कुटुंबाने सुरू केलेली ही बेकरी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे काही हजार ज्यू होते, आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. त्यांची सिनेगॉग मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात, आणि नाताळात केकसाठी रांग लावतात हिंदू बंगाली.

मी दादांकडे गेलो. अकरापैकी नऊ उरलेत, एक बंद, एक आहे पण चव गेली. चव गेलेलं कोणतं, ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. टेंग्र्याचं ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग चिठ्ठी मागून घेतली, आठवी ओळ खोडली आणि खाली थरथरत्या अक्षरात लिहिलं : पुरणपोळी, मराठी लोकांचं मंडळ, गणपतीत. म्हणाले, ‘यंदा पाठव. अर्धीच. सूनबाईला सांगू नकोस.’

चिठ्ठीची देवनागरीत केलेली प्रत मंडळाच्या कचेरीत सूचनाफलकावर लावली आहे. नव्याने आलेल्यांनी उतरवून घ्यावी.