एडीएचडी : किशोरवयातील रागनियमन

अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजे एडीएचडी, असलेल्या किशोरवयीन मुलामुलींना राग वेळीच ओळखायला, तो आवरायला आणि भडका उडून गेल्यावर बिघडलेले सांधायला घर, शाळा व उपचारक यांनी दिलेली मदत. एडीएचडी हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार असून जगभरातील सुमारे ५ टक्के मुलांमध्ये तो आढळतो.

स्वरूप : हा राग क्षणात चढतो आणि बहुधा लवकर उतरतो. नेहमीचे चित्र असे : संध्याकाळचे सात वाजलेले, दहावीतला मुलगा मोबाइलवरच्या खेळात बुडालेला. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "अरे, क्लासला उशीर होतोय, ठेव तो फोन." दोन हाका वाया जातात, तिसऱ्या वेळी बाबा येऊन फोन काढून घेतात. मुलगा ओरडतो, दप्तर भिरकावतो, धाडकन दार आपटतो. अर्ध्या तासाने तोच बाहेर येऊन विचारतो, "आई, आज भाजी कुठली आहे?" घरचे अजून धुमसत असतात, त्यांना हा कोडगेपणा वाटतो. मुलाचा राग मात्र ओसरलेला असतो. अनेकदा त्याला आतून वाईटही वाटत असते. माफीचा शब्द तेवढा सापडत नसतो.

कारणे : लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हाच त्यांच्या भडक्या स्वभावाची नोंद केली होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत राग हे एडीएचडीचे मुख्य लक्षण मानलेले नाही. चिडचिड आणि मनाविरुद्ध घडलेले सहन न होणे यांचा उल्लेख सोबत आढळणारी लक्षणे म्हणून आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २००७ मधील अभ्यासात, मेंदूच्या बाह्य थराची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाव्या वर्षी कमाल पातळीला पोहोचते असे दिसले. आवेगाला लगाम घालणाऱ्या, कपाळामागच्या भागात हा उशीर अधिक ठळक होता. म्हणूनच "एवढा घोडा झालास, तरी कळत नाही?" हा प्रश्न अन्यायाचा ठरतो. त्याला नियम ठाऊक असतो. ऐन क्षणी तो हाताशी येत नाही. त्यात वयात येण्याची उलथापालथ, अपुरी झोप, अभ्यासाचा ताण आणि लहानपणापासून ऐकलेली 'आळशी', 'उद्धट' ही विशेषणे भर घालतात.

औषध व दिनक्रम : मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी आवेग कमी होतो, पण काही मुलांमध्ये औषधाचा असर उतरताना, बहुधा संध्याकाळी, चिडचिड वाढते. या औषधाने भूक मंदावते, त्यामुळे दुपारचा डबा तसाच परत येतो आणि मूल उपाशीपोटी घरी पोहोचते. आधी पोटभर खाणे, मग थोडी मोकळीक आणि नंतर अभ्यासाचा विषय, एवढ्या बदलानेही काही घरांतले खटके कमी होतात. भडका कधी उडतो याची पंधरा दिवस वेळेसह नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. औषध किंवा त्याची मात्रा स्वतःहून बदलू नये.

भडक्याच्या वेळी : रागाच्या भरात उपदेश कानात शिरत नाही. मोठ्यांनी आवाज खाली आणावा, वाक्ये छोटी ठेवावीत, वाट अडवू नये आणि धाकट्या भावंडांना दुसऱ्या खोलीत न्यावे. "तू शांत हो, मग बोलू" एवढे सांगून थांबावे. शांत होण्याची जागा आधीच ठरलेली असावी : गच्ची, सोसायटीभोवती एक फेरी, न्हाणीघरात थंड पाण्याचा हबका. ओरडण्याला शरण जाऊन मागणी पुरवली, तर ओरडल्याने काम होते हे मूल शिकते. त्याहून मोठ्याने ओरडून त्याला गप्प केले, तर पालकही तेच शिकतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबातल्या या दुष्टचक्राचा सविस्तर अभ्यास केला.

शांत वेळी : खरे शिकणे येथे होते. रॉस ग्रीन यांनी 'द एक्सप्लोझिव्ह चाइल्ड' (१९९८) या पुस्तकात, वारंवार पेटणारा प्रश्न आधीच हेरून मुलासोबत सोडवण्याची पद्धत मांडली. वरच्या उदाहरणात मुलाची अडचण आधी ऐकली, तर "मधेच फोन नेला की डाव हरतो" हे कळते. मग खेळ कधी संपवायचा, आठवण कोणी व कशी करायची, हे दोघांनी मिळून ठरवता येते. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली. "असे व्हायलाच हवे" हा हट्ट रागाच्या मुळाशी असतो, हा तिचा विचार समुपदेशक किशोरांना रोजच्या प्रसंगांतून समजावू शकतात. फुटलेली वस्तू मुलाने भरून द्यावी, दुखावलेल्याशी बोलावे. पण अपमान व मारहाण हा शिक्षेचा भाग होऊ नये. चिडूनही त्याने स्वतःला सावरले, तर त्याच दिवशी तसे बोलून दाखवावे.

तज्ज्ञांची मदत : मारहाण, शस्त्र उगारणे, स्वतःला इजा करणे, मरणाची भाषा, व्यसन किंवा भडक्यांच्या मधल्या काळातही टिकून राहणारी उदासी व चिडचिड दिसल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे, अशा मुलांमध्ये नैराश्य किंवा चिंताविकारही असू शकतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असून तिच्यावर मराठीतही बोलता येते.