फियाटचा गिअरबॉक्स आणि आंबोलीचा घाट

मागे इथं बेळगावातल्या जुन्या मोटारींचे फोटो आले होते. मजा वाटली. पण सगळे फोटो वरून काढलेले. मी आज जरा गाडीखालचं लिहितो.

आमची फियाट सेकंडहँड, कुर्ल्याच्या कारखान्यातली. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी नाव मिळालं, तरी बेळगावात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. इंजिन १०८९ सीसी, चार गियर आणि गियरचा दांडा स्टिअरिंगला. त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं आरामात बसत. पहिल्या गियरला सिंक्रो नव्हता. गाडी चालती असताना पहिला टाकायचा म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग पहिला. हे जमलं नाही तर खालून असा कर्रर्र आवाज यायचा की रस्त्यावरची माणसं वळून बघत. माझ्याकडे पुष्कळांनी बघितलंय.

आमचे मिस्त्री शहापुरात पत्र्याच्या शेडमध्ये काम करत. मराठी, कानडी, हिंदी तिन्ही एकाच वाक्यात. क्लचची परीक्षा त्यांनीच मला शिकवली. सपाट जागी हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू, चौथा गियर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेट ठीक. सोडूनही फिरत राहिलं तर प्लेट घसरते. गिअरबॉक्सचं तेलही तसंच बघायचं. बाजूचा बोल्ट काढून बोट घालायचं, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत नव्वद नंबरचं तेल लागलं पाहिजे. डिपस्टिक नाही की दिवा नाही, बोट हेच मीटर.

१९८५ च्या डिसेंबरात ते म्हणाले, "साहेब, मागचा ऑइल सील गेलाय. थेंब थेंब तेल जायलंय. एक दिवस गाडी सोडा की." तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरला संपायचं आणि आमचं क्लोजिंग म्हणजे रात्रीचे दहा. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. सील काही रुपयांचा, पण तो बदलायला प्रोपेलर शाफ्ट उतरवावा लागतो. त्यात दिवस जातो, म्हणून मी टाळत राहिलो.

आणखी एक गोष्ट होती. त्याच वर्षी त्यांनी आमच्या शाखेत लेथसाठी कर्ज मागितलं होतं. जागा भाड्याची, जामीनदार नाही. अर्जावर नकाराचा शेरा मी लिहिला होता. नियमात बसतच नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. पण खरं म्हणजे यंत्रच तारण ठेवून कर्ज देण्याची सोय होती. त्यासाठी दोन पानांची शिफारस लिहावी लागली असती, ती मी लिहिली नाही. त्यामुळे त्यांच्या शेडमध्ये जायचंही जरा जड वाटे.

१९८६ च्या गणपतीला गावी निघालो. गाव सावंतवाडीच्या बाजूला. पुढे मी, बायको आणि मुलगा, मागे आई आणि सामान. हिंडलगा, शिनोळी करत आंबोलीपर्यंत सुखरूप. घाटात पाऊस आणि धुकं. ज्या गियरात चढायचं त्याच गियरात उतरायचं हा घाटाचा नियम, म्हणून दुसरा टाकला. दोन वळणं झाली आणि दांडा आपोआप सुटून न्यूट्रलला आला. गाडी एकदम मोकळी झाली आणि वेग घेऊ लागली. ब्रेक दाबून परत दुसरा टाकला, परत उडाला. तिसऱ्या वेळी मुलाला मागे पाठवलं, बायको सरकून जवळ आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही स्टिअरिंग बघा, हा मी धरते." तिनं दोन्ही हातांनी तो दांडा दाणोलीपर्यंत धरून ठेवला. आई मागून एक शब्द बोलली नाही. खाली उतरल्यावर बायकोच्या तळहातावर वळ उठले होते.

सावंतवाडीहून बेळगावला ट्रंककॉल केला. तिसऱ्या दिवशी मिस्त्री एसटीनं आले. तेल बघितलं, बोटाला जेमतेम लागलं. मला एवढंच म्हणाले, "सांगितलं होतं न्हवं, साहेब." तेल भरलं, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दांडा दुसऱ्या गियरला बांधला आणि आम्हाला एसटीनं यायला सांगून एकटेच घाट चढून गेले. चढताना तो उडाला नाही. त्याचं कारण त्यांनी नंतर समजावलं. चढताना इंजिन गाडीला ओढतं, उतरताना गाडी इंजिनला ढकलते. दातांवरचा जोर उलट्या बाजूला जातो. तेलाविना बेअरिंग झिजलं, शाफ्टला खेळ आला, की उतरताना गियर सरकून बाहेर येतो.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी रजा काढून शेडमध्ये बसलो. थाळ्यात काढलेलं तेल सोन्यासारखं चमकत होतं. त्यात त्यांनी लोहचुंबक फिरवलं, थोडा चुरा चिकटला, बाकी चमक तशीच राहिली. ते पितळ, सिंक्रोच्या रिंगांचं. आम्ही बी.कॉम.वाले घसारा कागदावर दाखवतो. तो डोळ्यांनी बघितला तो त्या थाळ्यात, माझ्या नऊ महिन्यांचा.

रिंगा आणि बेअरिंग मुंबईहून, ऑपेरा हाऊसजवळच्या मोटारपार्टच्या बाजारातून मागवली. दांड्याचे बुश मिळेनात. ते त्यांनी दुसऱ्याच्या लेथवर कातून घेतले, तासाच्या भाड्यानं, रांगेत थांबून. तेव्हा मी मान वर करू शकलो नाही. बिल त्यांनी पैशापैशाचं लावलं, एक रुपया कमी केला नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

ऑक्टोबरात त्यांची फाइल मी पुन्हा काढली आणि यंत्र तारण दाखवून शिफारस लिहिली. शाखेत कुजबुज झाली, साहेबांची गाडी फुकट दुरुस्त झाली म्हणून. मी बिल आणि चेकचा नंबर फाइलला लावला. कर्ज मंजूर झालं, हप्ता एकदाही चुकला नाही.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली होती, बेळगावात दिसायला थोडी वर्षं लागली. इंजिन पुढे, ओढणारी चाकंही पुढचीच, प्रोपेलर शाफ्ट नाहीच. मिस्त्री आधी हसले, मग एक रविवार घालवून तिचा गिअरबॉक्स उघडून शिकले. २०१४ मध्ये सेलेरिओ क्लचच्या पेडलशिवाय आली, त्याच वर्षी बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. आता मुलाची गाडी तशीच आहे. गियरची तक्रार केली की कॉम्प्युटर लावतात आणि अख्खा जोड बदलायचा सांगतात. वाईट म्हणत नाही, गाडी सुरेख चालते. पण झिजलं काय आणि कुणामुळे, ते कुणी दाखवत नाही.

फियाट आम्ही १९९७ ला विकली. मिस्त्री जाऊन सहा वर्षं झाली. तो लेथ त्यांचा मुलगा अजून चालवतो, पाण्याच्या पंपांचे शाफ्ट कातायला. मागच्या महिन्यात गेलो होतो. कातून काढलेला एक जुना बुश त्यानं माझ्या हातात ठेवला, फियाटचाच. बायकोला दाखवला तर तिनं आधी आपला तळहात बघितला.

शहापूर, टिळकवाडीकडच्या कुणाकडे त्या काळातल्या गॅरेजांचे फोटो असतील तर जरूर टाका.