मीनलदेवीचा गोतावळा आणि आमचा किनारा

बोईसरच्या आमच्या इमारतीत निम्मी बिऱ्हाडं गुजराती. त्यांच्या बोलण्यात पाटणची राजमाता मीनलदेवी आली की मी हटकून सांगते, ती गोव्याची लेक. चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, ही तिच्या वडिलांची, कदंब राजा जयकेशीची राजधानी. तिचं मूळ नाव मयणल्लादेवी.

अकराव्या शतकात चालुक्य कर्णाशी तिचं लग्न झालं. दरबारी कवी हेमचंद्राच्या काव्यात कर्ण तिचं चित्र बघून भुलतो. नंतरचा ग्रंथकार मेरुतुंग वेगळंच सांगतो. ती रूपवान नव्हती, राजा लग्नाला तयार नव्हता. सासूने, उदयमतीने, हट्ट धरला तेव्हा कुठे लग्न लागलं. मला मेरुतुंगाचं पटतं. दरबारात बसून लिहिणारा कवी असली गोष्ट सांगणार नाही. आणि उदयमती म्हणजे पाटणची राणीची वाव बांधणारी बाई, जी वाव आज शंभराच्या जांभळ्या नोटेवर आहे. तिचा शब्द मोडणं मुलाला सोपं नसणार.

सोमनाथच्या वाटेवर बाहुलोडला यात्रेकरूंकडून कर घेत. जवळ पैसे नाहीत म्हणून दर्शनाविना परतणारी गरीब माणसं मीनलदेवीने पाहिली आणि तीही माघारी वळली. मग तिच्या मुलाने, सिद्धराज जयसिंहाने, तो कर रद्द केला. मेरुतुंगाच्या हिशोबाने त्या कराचं उत्पन्न होतं ७२ लाख! ही बाई मला फार आवडते.

पण तिचं माहेर आणि सासर यांच्या मधोमध आमचा मुलूख, शिलाहार राजांचं उत्तर कोकण. चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांत इ. स. १०३४ चा एक आहे. शिलाहार छित्तराजाचा मांडलिक चामुंडराज याने संजाणच्या भगवती देवीच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून मठाला घाणा दिला, त्याचा हा पट. पुढे जयकेशीने कपर्दिकद्वीपाच्या, म्हणजे याच उत्तर कोकणच्या, राजाला मारल्याचं कदंबांचा लेख अभिमानाने सांगतो. मीनलदेवीच्या माहेराने घातलेला हा घाव.

दुसरा घाव तिच्या सासरकडून आला, तिच्या मुलाच्या मागे. सिद्धराजाला मुलगा नव्हता. मुलगी कांचनदेवी अजमेरच्या अर्णोराज चौहानाला दिली. तिचा मुलगा सोमेश्वर आजोळी, पाटणला वाढला. पृथ्वीराज चौहान हा याच सोमेश्वराचा मुलगा. सिद्धराजानंतर गादीवर आलेल्या कुमारपालाने शिलाहार मल्लिकार्जुनावर फौज धाडली. मल्लिकार्जुन स्वतःला ‘राजपितामह’ म्हणवून घेई, ते कुमारपालाला खुपलं. पहिल्या स्वारीत पाटणचा सेनापती आंबड हरला आणि लाजेने काळे कपडे घालून, काळ्या छत्राखाली राहिला. दुसऱ्या स्वारीत त्याने मल्लिकार्जुनाला मारलं, असं मेरुतुंग म्हणतो. ‘पृथ्वीराजविजय’ काव्य मात्र कोकणच्या राजाचं शिर सोमेश्वराने उडवलं असं सांगतं.

मल्लिकार्जुनाचा शिलालेख वसईला सापडला, ११६० च्या सुमाराचा. तो आमचा राजा. आणि ‘पृथ्वीराजविजय’ खरं धरलं, तर त्याला मारणारा मीनलदेवीच्या नातीचा मुलगा.