इमारतीतील नळकाम व सांडपाणी व्यवस्थेचे निकष

इमारतीतील पाणीपुरवठा व सांडपाणी व्यवस्थेचे निकष भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेले आहेत. ही संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ च्या आवृत्तीतील नववा भाग नळकामाविषयी आहे. संहिता शिफारसवजा असून स्थानिक नियमावलीत तिचा समावेश झाल्यावर ती बंधनकारक ठरते.

पिण्याच्या पाण्याची वाहिनी सांडपाण्याच्या वाहिनीला कोठेही जोडलेली नसावी, भिंतीत बुजवण्यापूर्वी नळांची गळती-चाचणी व्हावी आणि नहाणी ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर राहावा, हे त्यातील मूलभूत निकष होत. या थरामुळे सांडपाण्याच्या नळातील दूषित वायू घरात शिरत नाही. उभ्या नळाला पुरेसे वायुवीजन नसल्यास दाबातील फरकामुळे हे पाणी ओढले जाते. नहाणी वापरात नसल्यास ते सुकते.

याचे गांभीर्य २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसून आले. अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात ३०० हून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली व ४२ जण दगावले. कोरडे पडलेले ट्रॅप हा संसर्गाचा एक संभाव्य मार्ग असल्याचा निष्कर्ष तेथील आरोग्य विभागाने काढला. त्यामुळे वापरात नसलेल्या नहाणीतही अधूनमधून पाणी ओतणे आवश्यक असते.