तळटीप २३ : आंतर-ट्रॅपी थरांतील पराग

२३. ‘परागांची साक्ष’ : दख्खनच्या पठारावर लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळी साचली आणि त्यांच्या गाळाचे खडक झाले. तेच हे आंतर-ट्रॅपी थर. नागपूर, छिंदवाडा, जबलपूर या भागांत ते उघडे पडलेले दिसतात. त्यांतील वनस्पतींच्या जीवाश्मांवरून डॉ. बिरबल साहनी (१८९१–१९४९) यांनी हे थर तृतीय कल्पाच्या आरंभीचे मानले होते. पुढे जबलपूरजवळच्या पडवार येथील थरांत ‘ॲक्विलापोलेनाइट्स’ पराग मिळाले. अंगातून हातांसारखे फाटे बाहेर आलेला हा कण सूक्ष्मदर्शकाखाली चटकन ओळखू येतो. त्याच्या बहुतेक जाती क्रिटेशस काळाअखेरीस, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, नाहीशा झाल्या. निदान या थरांचे वय त्यामुळे मागे न्यावे लागले. साहनींच्या कामाचे मोल त्याने उणावत नाही. हे थर अभ्यासाच्या केंद्रस्थानी त्यांनीच आणले.

परागाचे कवच स्पोरोपोलेनिन या अतिशय चिवट द्रव्याचे असते. खडकाचा चुरा हायड्रोक्लोरिक व नंतर हायड्रोफ्लुओरिक आम्लात ठेवला की चुनखडी आणि सिलिका विरघळतात, कण शाबूत राहतात.

लेखकाने परागांच्या संख्येवरून थेट झाडांची संख्या काढली आहे. हा भाग जपून वाचावा. वाऱ्यावर विसंबणारी झाडे पराग अमाप उधळतात, कीटकांवर विसंबणारी बेताचेच.