संरक्षण आदेश (कौटुंबिक हिंसाचार)

घरातल्या माणसाकडून होणारा छळ थांबावा म्हणून न्यायदंडाधिकारी त्या माणसाला जी लेखी मनाई करतात, ती म्हणजे संरक्षण आदेश. भारतात हा आदेश ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ या कायद्याच्या कलम १८ नुसार मिळतो. कोर्टाच्या आवारात त्याला ‘प्रोटेक्शन ऑर्डर’ म्हणतात आणि सगळ्या प्रकरणाला ‘डी.व्ही. केस’. आदेश मागण्यासाठी नवऱ्यावर गुन्हा नोंदवावा लागत नाही, घटस्फोटाचा दावा लावावा लागत नाही आणि राहते घरही सोडावे लागत नाही. मनाई दिवाणी स्वरूपाची असते. ती मोडली की मात्र फौजदारी गुन्हा होतो.

पार्श्वभूमी : विवाहितेच्या छळाला भारतीय दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा म्हणून जागा मिळाली १९८३ साली, कलम ४९८-अ च्या रूपाने. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ आणि ८६ त्याच्या जागी आली आहेत. या कलमाने नवऱ्याला अटक होऊ शकत होती. पण त्या रात्री बाईने आणि पोरांनी कुठे राहायचे, महिन्याचा किराणा कसा भरायचा, याचे उत्तर त्यात नव्हते. शिवाय ते विवाहितेपुरतेच. आईला मारणारा मुलगा, बहिणीला घराबाहेर काढणारा भाऊ त्याच्या कक्षेत येत नव्हते. तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या अनेकींच्या हाती अदखलपात्र नोंदीचा, म्हणजे ‘एन.सी.’चा कागद पडे आणि नवऱ्याला ‘समज देऊन’ सोडले जाई.

दिवाणी मनाईची वाट इतर देशांनी आधी चोखाळली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने आणि ब्रिटनच्या संसदेने १९७६ साली तसे कायदे केले. भारतात ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेने, ज्येष्ठ विधिज्ञ इंदिरा जयसिंग यांच्या पुढाकाराने, महिला संघटनांशी चर्चा करून मसुदा तयार केला. सरकारने २००२ साली लोकसभेत मांडलेले विधेयक मात्र वेगळेच निघाले. त्यात ‘सवयीने’ केलेली मारहाण तेवढी हिंसा ठरत होती आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी हात उचलला, असे म्हणायलाही वाव होता. महिला संघटनांनी त्यावर टीकेची झोड उठवली. ते विधेयक मागे पडले, नवे आले आणि ऑगस्ट २००५ मध्ये संसदेने संमत केले. राष्ट्रपतींची संमती १३ सप्टेंबर २००५ ची. अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून.

अर्ज कोण करू शकते : एका छपराखाली राहणारी किंवा पूर्वी राहिलेली, आणि रक्ताच्या, लग्नाच्या, दत्तकाच्या किंवा लग्नासारख्या नात्याने बांधलेली कोणतीही स्त्री अर्जदार होऊ शकते. पत्नी, आई, बहीण, मुलगी, विधवा सून, एकत्र कुटुंबातली जाऊ या सगळ्या त्यात येतात. तिच्या वतीने या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी किंवा दुसरे कुणीही अर्ज देऊ शकते. पुरुषाला या कायद्याखाली अर्जदार होता येत नाही.

लग्नाविना एकत्र राहणाऱ्या स्त्रीचे काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०१३ च्या निकालात कसोट्या घालून दिल्या : किती काळ एकत्र राहिले, घरखर्च कसा चालवला, मुले आहेत का, चारचौघांत कसे वावरले. पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असताना जोडलेल्या नात्याला त्या निकालाने संरक्षण नाकारले.

अर्ज कोणाविरुद्ध करायचा, या प्रश्नाचा निकाल मुंबईतल्या एका प्रकरणाने लावला. आई आणि मुलीने मिळून मुलगा, सून आणि आणखी दोन मुलींविरुद्ध तक्रार केली होती. कायद्यात गैरअर्जदाराची व्याख्या ‘प्रौढ पुरुष’ अशी असल्याने उच्च न्यायालयाने तिन्ही स्त्रियांना वगळले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ६ ऑक्टोबर २०१६ रोजी न्या. कुरियन जोसेफ आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्दच घटनाबाह्य ठरवून काढून टाकले. तेव्हापासून सासू, नणंद, सून यांच्याविरुद्धही थेट अर्ज करता येतो. तरी एक फरक उरला आहे. घरातून बाहेर पडण्याचा हुकूम पुरुषाला देता येतो, कोणत्याही स्त्रीला नाही. कलम १९ मधली ती अट कायम आहे.

हिंसा कशाला म्हणायचे : कायद्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत. ते प्रत्यक्षात कसे दिसतात हे कलमापेक्षा नियमांसोबतच्या पहिल्या नमुन्यात जास्त कळते. ‘कौटुंबिक घटना अहवाल’ किंवा ‘डी.आय.आर.’ म्हणून ओळखला जाणारा हा फॉर्म संरक्षण अधिकारी भरतो. मारहाणीच्या रकान्याशेजारी त्यात चारित्र्यावर संशय घेणे, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, हुंडा आणला नाही म्हणून अपमान करणे, नोकरी करू न देणे, ठरावीक माणसाला भेटू न देणे हे रकाने आहेत. आर्थिक छळाखाली यादी आणखी घरगुती होते : खाण्यापिण्याला आणि औषधपाण्याला पैसे न देणे, पगार काढून घेणे, घरभाडे न भरणे, विजेचे बिल थकवणे, न विचारता स्त्रीधन विकणे किंवा गहाण टाकणे. प्रत्येक घटनेला तारीख, वेळ, ठिकाण आणि करणाऱ्याचे नाव लिहायचे असते. अंगावर वळ नसलेल्या बाईलाही ‘आपल्या बाबतीत घडते ती हिंसाच’ हे अनेकदा हा फॉर्म भरतानाच पहिल्यांदा उमगते.

अर्ज आणि सुनावणी : अर्ज दुसऱ्या नमुन्यात, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा. स्त्री जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायालयात तो चालतो. पुण्यातले सासर सोडून परभणीला माहेरी आलेली स्त्री परभणीतच अर्ज देऊ शकते. एकदा मिळालेला आदेश मात्र देशभर लागू असतो. कौटुंबिक न्यायालयात दुसरा दावा आधीच सुरू असेल, तर कलम २६ नुसार त्याच दाव्यात हा आदेश मागता येतो.

डी.आय.आर. नसला तरी अर्ज अडत नाही. १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. एम. आर. शहा आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी ज्या प्रकरणात हे स्पष्ट केले, त्यातल्या स्त्रीचा नवरा लग्नानंतर काही आठवड्यांतच अपघातात गेला होता. सासरच्या घरी तिचा मुक्काम जेमतेमच झाला होता. प्रत्यक्ष राहत नसली तरी त्या घरात राहण्याचा तिचा हक्क संपत नाही, असेही याच निकालाने सांगितले. त्याच्या महिनाभर आधी, १३ एप्रिल २०२२ ला, न्या. उदय लळीत आणि न्या. पी. एस. नरसिंहा यांनी आणखी एक अडसर दूर केला : संरक्षणाचा अर्ज म्हणजे गुन्ह्याची फिर्याद नव्हे, त्यामुळे फौजदारी प्रक्रियेतली एक वर्षाची मुदत त्याला लागू नाही.

कायद्याचे वेळापत्रक कडक आहे. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत. नोटीस जास्तीत जास्त २ दिवसांत बजावायची. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न. प्रत्यक्षात नोटीस न बजावता परत येते, पुन्हा काढली जाते, वकीलपत्र दाखल व्हायला वेळ लागतो, म्हणणे द्यायला मुदत मागितली जाते आणि तारखांमागून तारखा पडतात. म्हणूनच कलम २३ मधला अंतरिम आदेश महत्त्वाचा ठरतो. तिसऱ्या नमुन्यातले प्रतिज्ञापत्र वाचून धोका खरा वाटला, तर न्यायदंडाधिकारी समोरच्याला ऐकून न घेताही एकतर्फी आदेश देऊ शकतात. सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय आहे. समुपदेशनाला पाठवता येते. पण तिथे छळाचे समर्थन करण्याची मुभा गैरअर्जदाराला नसते.

आदेशात काय असते : कलम १८ खाली हिंसा करायला, तिला मदत करायला, अर्जदाराच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलाच्या शाळेत जायला, तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधायला मनाई करता येते. फोन, पत्र, मेसेज सगळे त्यात आले. बँकेचे खाते आणि लॉकर, मग ते जोडनावावर असो की एकट्या नवऱ्याच्या, न्यायालयाच्या परवानगीशिवाय वापरायलाही मनाई करता येते. तिला आसरा देणाऱ्या भावाला किंवा मैत्रिणीला त्रास द्यायलाही बंदी घालता येते.

या सगळ्याची धार आदेशाच्या शब्दांवर ठरते. ‘गैरअर्जदाराने अर्जदारास त्रास देऊ नये’ एवढ्याच एका ओळीवर आदेश संपला, तर पुढे ठाण्यातला हवालदार विचारतो, ‘त्रास म्हणजे नेमके काय केले?’ त्याऐवजी शाळेचे नाव आणि पत्ता, कामाच्या ठिकाणाचे फाटक, कोणकोणत्या मोबाइल क्रमांकांवरून फोन येतात, लॉकर कोणत्या शाखेत आहे, हे लिहिलेले असेल तर कागद दाखवताच भागते. अनुभवी वकील आणि समुपदेशक म्हणून अर्जाच्या विनंतीच्या परिच्छेदावर सर्वाधिक वेळ घालवतात. आदेशाची प्रत अर्जदाराला, पोलीस ठाण्याला आणि मदत करणाऱ्या संस्थेला विनामूल्य द्यावी लागते.

संरक्षण आदेशाच्या जोडीने निवास, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई या मागण्या एकाच अर्जात करता येतात. खर्चाची रक्कम थेट मालकाने पगारातून द्यावी, असाही हुकूम निघू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या सर्व अर्जांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले. डी.व्ही. केसही त्यात येते.

घराचा प्रश्न : सर्वांत जास्त वाद झाला तो ‘सामाईक घर’ कशाला म्हणायचे यावर. १५ डिसेंबर २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अर्थ आखडता घेतला : घर नवऱ्याच्या मालकीचे, भाड्याचे किंवा त्याचा हिस्सा असलेल्या एकत्र कुटुंबाचे हवे, सासूच्या नावावरच्या घरावर सुनेचा हक्क नाही. परिणाम असा झाला, की सुनेने अर्ज केला की ‘घर माझ्या नावावर आहे, मुलाचा काही संबंध नाही’ असे सांगत सासू-सासरे उभे राहू लागले. चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२० रोजी, न्या. अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. सासऱ्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेले दिल्लीतले घरही सामाईक घर असू शकते, असे त्यांनी म्हटले. सुनेचा मुक्काम तिथे पाहुणीसारखा नव्हे तर काहीसा कायमस्वरूपी असायला हवा, एवढीच अट. हा हक्क मालकीचा नव्हे. कायद्याच्या मार्गाने तिला बाहेर काढता येते, आणि वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेने जगण्याच्या हक्काशी तो तोलला जातो.

आदेश मोडल्यास : कलम ३१ नुसार १ वर्षापर्यंत कारावास, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्यामुळे पोलिसांना ‘एन.सी.’ नोंदवून मोकळे होता येत नाही. उल्लंघन झाल्याचे अर्जदाराने लेखी, सही करून संरक्षण अधिकाऱ्याला कळवावे किंवा सरळ पोलिसांकडे अथवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. तिच्या एकटीच्या साक्षीवरही गुन्हा सिद्ध मानता येतो. अंतरिम आदेश मोडला तरी शिक्षा हीच. आदेशाला ठरावीक मुदत नसते. अर्जदार स्वतः तो रद्द करायला सांगेपर्यंत तो टिकतो. परिस्थिती बदलली असेल तर दोघांपैकी कुणीही फेरबदल मागू शकते, आणि निकालावर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते.

अंमलबजावणी : कागदावर ही यंत्रणा संरक्षण अधिकाऱ्याभोवती फिरते. शक्यतो या पदावर स्त्री असावी, असे कायदा म्हणतो. डी.आय.आर. तयार करणे, नोटीस बजावणे, न्यायालयाने सांगितल्यास घरी जाऊन चौकशी करणे, अर्जदाराचे दागिने आणि कागदपत्रे ताब्यात मिळवून देणे ही सगळी कामे त्याची. कारणाशिवाय कामात कसूर केल्यास त्यालाही कारावासाची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी हे पद दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याकडे जादा काम म्हणून दिले गेले, आणि खरी गळती तिथे झाली. एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की महिला व बालविकास खात्यातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. ज्या राज्यांत नेमणुका झाल्या नव्हत्या, त्यांना ६ आठवड्यांची मुदत मिळाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातल्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या मात्र १४ टक्क्यांच्या आसपासच होत्या. त्यातही बहुतेकींची पहिली धाव माहेरी असते, कोर्टात नाही.

महाराष्ट्रात या दोन टोकांमधले अंतर भरण्याचे प्रयत्न कायद्याच्या आधीपासूनचे आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे पोलीस नव्हे, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बाईचे ऐकून घेतात. पुढे राज्यातल्या इतर जिल्ह्यांतही असे कक्ष निघाले. २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले, कारण पोलीस ठाण्यात न जाणारी बाईही फुटलेल्या डोक्याला टाके घालायला दवाखान्यात येतेच. केसपेपरवर डॉक्टरने ‘नवऱ्याने मारले’ असे तिच्या शब्दांत नोंदवले, तर तोच कागद पुढे अर्जासोबत पुरावा म्हणून जोडता येतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात १८१ ही महिला हेल्पलाइन, ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि तालुका विधी सेवा समिती यांच्याकडूनही अर्ज करायला मदत मिळते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरदार स्त्रीलाही तो मागता येतो.