सिलोनचे पाच आठवड्यांचे प्रतिनिधिगृह

१९ मार्च १९६० रोजी सिलोनच्या मतदारांनी आपले प्रतिनिधिगृह निवडले आणि २३ एप्रिलला ते बरखास्तही झाले. सिलोन तेव्हा डोमिनियन होते. १९७२ साली प्रजासत्ताक होईपर्यंत तेथे ब्रिटनच्या राणीच्या नावाने गव्हर्नर-जनरल बसत असे. इतक्या अल्पायुषी गृहाची दखल कोण घेणार? पण कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या आम्हांला या पाच आठवड्यांत पुष्कळ काही दिसते.

सप्टेंबर १९५९ मध्ये पंतप्रधान भंडारनायके यांची हत्या झाली. मागाहून आलेल्या दहनायके यांचे सहकाऱ्यांशी पटेना, म्हणून निवडणूक पुकारली गेली. तीत ते स्वतःच पडले. निकाल लागला तो असा : डडली सेनानायके यांच्या युनायटेड नॅशनल पक्षाला ५०, भंडारनायक्यांच्या श्रीलंका फ्रीडम पक्षाला ४६, तमिळांच्या फेडरल पक्षाला १५. निवडून आलेले सभासद १५१. बहुमत कोणाचेच नाही.

आता हे १५१ आले कोठून, ते पाहिले पाहिजे. पूर्वी निवडलेले सभासद ९५ होते. १९५९ च्या नव्या आखणीत साधारण ७५,००० वस्तीमागे एक जागा, शिवाय दर हजार चौरस मैलांमागे एक, असा हिशेब धरला. वस्ती मोजताना चहामळ्यांतले तमिळ मजूरही मोजले. पण १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्व गेले होते आणि १९४९ मध्ये मतही गेले होते. म्हणजे डोंगराळ भागातील जागा वाढल्या त्या मजुरांच्या डोक्यांवर, आणि मत दिले ते शेजारच्या सिंहली गावकऱ्यांनी. हजेरीपटावर नाव आहे, पण पगाराच्या खिडकीवर नाही, असा हा प्रकार.

डाव्यांची गत काय झाली? लंका समसमाज पक्षाने एन. एम. परेरा यांना भावी पंतप्रधान म्हणून पुढे करून १०१ उमेदवार उभे केले, आले १०. त्यांचे जुने सोबती फिलिप गुणवर्धने वेगळी चूल मांडून बसले होते, त्यांचेही १०. कम्युनिस्टांचे ३. हे परेरा आणि गुणवर्धने १९४२ मध्ये कँडीच्या तुरुंगातून निसटून हिंदुस्थानात आले होते आणि आपल्या मुंबईतच १९४३ साली पकडले गेले. एका तुरुंगातून एकत्र पळालेली माणसे एकमेकांची मते खात बसली! कोलंबोच्या गोदीत आणि कचेऱ्यांत संघटना भक्कम असली म्हणजे खेडेही आपलेच, हा हिशेब आम्ही इकडेही पाहिला आहे.

डडलींना गव्हर्नर-जनरल सर ऑलिव्हर गुणतिलके यांनी मंत्रिमंडळ बनवू दिले. हेच डडली १९५३ साली तांदळाचा भाव २५ सेंटांवरून ७० सेंट झाल्यावर पेटलेल्या हरताळानंतर पायउतार झाले होते. या वेळी सभापतीच्या निवडीतच सरकारचा पराभव झाला. फेडरल पक्षाने आपल्या मागण्या मांडल्या : तमिळ भाषेला स्थान, प्रादेशिक स्वायत्तता, सरकारी वसाहतींना आळा आणि मळ्यांतील मजुरांच्या नागरिकत्वाचा प्रश्न. डडलींनी त्या मानल्या नाहीत, आणि २२ एप्रिलला राजभाषणावरील मतदानात ते पडले. विरोधकांना संधी देऊन पाहण्याऐवजी गुणतिलके यांनी डडलींचा सल्ला मानला व गृह मोडले. आमच्या मते हा अन्याय होता.

जुलैत पुन्हा मतदान झाले. या वेळी फ्रीडम पक्ष, समसमाज आणि कम्युनिस्ट यांनी आपसांत जागा वाटून घेतल्या. डडलींच्या पक्षाला मते अधिक पडली, तरी जागा ३० वर आल्या. फ्रीडम पक्षाला ७५ मिळाल्या. सिरिमावो भंडारनायके पंतप्रधान झाल्या, जगातील पहिल्या स्त्री पंतप्रधान. आणि त्या स्वतः निवडणुकीला उभ्याही नव्हत्या, सिनेटमधून आल्या.

जून १९६४ मध्ये समसमाज पक्ष त्यांच्या मंत्रिमंडळात गेला आणि परेरा अर्थमंत्री झाले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याला विरोध करणारा हा पक्ष. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सिरिमावो आणि लालबहादूर शास्त्री यांचा करार झाला : ५,२५,००० मजूर व त्यांची कुटुंबे हिंदुस्थानने घ्यावीत, ३,००,००० सिलोनने ठेवावीत, उरलेल्या दीड लाखांचे मागाहून बघू. ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी विचारले नाही. जे तिकडे राहिले, त्यांतील शेवटच्यांना नागरिकत्व देणारा कायदा व्हायला २००३ साल उजाडावे लागले.